हार्नेसमधले सुभेदार

जबलपूरबाहेर तिलवारा घाटाच्या वाटेवर सुभेदार गुणवंत खोलकुटे यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा सापडला नसता, आणि सापडलाच असता तर तो त्यांच्याच घरात, बाहेरच्या खोलीत बसलेला असता. पण त्या खोलीतल्या माणसाचं नाव हल्ली घरात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं.

गुणवंतरावांची हयात पॅराशूटमध्ये गेली. स्वतः उड्या मारल्या त्या मारल्याच, पण निम्मी नोकरी उस्ताद म्हणून झाली, म्हणजे विमानाच्या उघड्या दारापाशी उभं राहून नवशिक्या जवानांना बाहेर सोडायचं काम. पेन्शन घेऊन जबलपूरला परत आले तेव्हा दीक्षितपुऱ्यातल्या भावकीनं गणपतीत त्यांचा सत्कार केला, शाल दिली आणि आता हा माणूस स्वस्थ बसेल अशी आशा केली. ते कसले बसतात! शहराबाहेर प्लॉट घेतला, पुढे घर बांधलं आणि मागे भरती अकादमी काढली. फौजेत जाऊ पाहणारी पोरं पहाटे येऊन धावायची, दोराला लोंबायची, वाळूत लोळायची. मागच्या अंगणाच्या मधोमध उस्तादांचा लाडका लोखंडी सांगाडा उभा होता. दोन उंच खांब, वर आडवा गर्डर आणि त्याला टांगलेला हार्नेस. हार्नेस म्हणजे पॅराशूटखाली माणसाला जखडून धरणारा पट्ट्यांचा साज. दोन पट्टे मांड्यांतून, दोन खांद्यांवरून, आणि छातीवर त्या सगळ्यांना एकत्र धरणारं एक गोल कुलूप. ज्या पोराला रेल्वे पोलिसात जायचं होतं त्यालासुद्धा उस्ताद त्यात टांगायचे.

अक्षत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो फौजेत गेला याचा कुठल्याही बापाला आनंद झाला असता, पण साधी पलटण या बापाला पुरेना. फोनवर, सुट्टीत, जेवताना एकच धोशा: पॅरासाठी नाव दे. शेवटी दिलं त्यानं. आग्र्याला त्याची पहिली उडी झाली त्या दिवशी गुणवंतराव स्कूटरवरून बड्या फुहाऱ्याला गेले, खव्याची जलेबी घेऊन आले आणि अख्ख्या अकादमीला त्यांनी ती स्वतःच्या हातानं वाढली. दुसऱ्या उडीच्या वेळी अक्षत विमानाच्या दारात उभा राहिला, उडीचा हिरवा दिवा लागला, आणि त्यानं उडी मारली नाही.

बातमी त्याच संध्याकाळी फोनवर आली. जलेबी खाल्लेल्या पोरांना आता काय सांगायचं, हा पहिला विचार गुणवंतरावांच्या मनात आला. मुलगा कसा आहे, हा दुसरा विचार यायला हवा होता. तो आला नाही.

दारात नाही म्हणणाऱ्या जवानाचं काय करायचं, याची त्यांची एक पक्की रीत होती. त्यांच्या उस्तादानं ती त्यांना दिली होती आणि त्यांनी ती इमानानं पाळली. बाकीची तुकडी खाली उतरून बराकीत परतायच्या आत त्या माणसाची वळकटी उचललेली असायची, खाट रिकामी. निरोप नाही, चौकशी नाही, पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही. यात राग नाही, असं ते सांगत. भीती ही साथ आहे, एकाला लागली की सगळ्यांना लागते, म्हणून रोगी वेळेवर बाजूला काढायचा, एवढंच. विमानतळावर हे बरोबर असेलही. पण या गृहस्थानं तीच रीत उचलून घरात आणली. फौजेनं अक्षतला त्याच्या पलटणीत परत पाठवलं, मग तो सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्याची खाट बाहेरच्या खोलीत टाकलेली होती, अकादमीच्या चटया आणि जुन्या बुटांच्या ढिगाशेजारी. ताट तिकडेच जायचं. अकादमीतल्या पोरांना ताकीद होती की भैयाशी बोलायचं नाही. आणि स्वतः उस्ताद पोरगा समोरून आला की भिंतीकडे बघत उभे राहायचे. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

शैलजाबाईंनी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. काही उपयोग झाला नाही. संक्रांतीच्या सकाळी अक्षतनं आईला सांगितलं की तो आज संध्याकाळच्या गाडीनं परत चाललाय. सुट्टी अजून बरीच शिल्लक होती, पण असल्या घरापेक्षा बराक बरी, असं त्याचं मत पडलं होतं. पुढच्या सुट्टीतही तो येणार नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या दिवशी जावेकडे दीक्षितपुऱ्यात हळदीकुंकू होतं. शैलजाबाई एरवी गेल्या नसत्या, पण बापलेकांना घरात एकटं सोडलं तर काहीतरी सुटेल, अशी वेडी आशा धरून त्या मुद्दाम गेल्या. निघताना नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी येऊन राहिली चार घरं करून. तोवर त्याच्याशी एक शब्द बोला. जेवला का, एवढं विचारा, बस. नाही बोलले तर पोरगा गेला म्हणून समजा."

"काहून गेला? पलटणीत तर चालला," गुणवंतराव म्हणाले.

शैलजाबाई पदर सावरून रिक्षात बसल्या.

घर शांत झालं. बाहेरच्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. गुणवंतराव उठले. पडवीतून डावीकडे गेलं की ती खोली लागते आणि उजवीकडे गेलं की अंगण. पडवीत ते बराच वेळ घुटमळले, घसा खाकरला आणि उजवीकडे वळले. काम नव्हतं असं नाही. नवीन चेन पुली तपासायची राहिली होती. गॅरेजमध्ये इंजिन उचलायला वापरतात तसली ती साखळीची कप्पी त्यांनी कबाड्याकडून आणून गर्डरला लावली होती. पोरांना टांगण्याआधी स्वतः टांगून घ्यायचं, हा त्यांचा जुना नियम. पोरं तर आज सगळी तिलवारा घाटावर मेळ्याला गेलेली. सुभेदारांनी मोबाईल प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला, हार्नेस चढवला, छातीवरचं कुलूप बंद केलं आणि साखळी ओढत ओढत स्वतःच स्वतःला वर घेतलं.

जमीन सुटली आणि त्यांना बरं वाटलं. पॅराशूट उघडल्यानंतरची ती शांतता त्यांना फार आवडायची. विमानाच्या पोटात कानठळ्या बसवणारा आवाज असतो, तेलाचा वास असतो, शेजारच्याचं गुडघ्याला गुडघा लावून थरथरणं असतं. मग दार, वारा, खांद्याला हिसका, आणि एकदम सगळं गप्प. खालच्या गावातलं कुत्रं भुंकलेलं वर ऐकू येतं. त्या शांततेत कुणी काही विचारत नाही आणि कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. सुभेदार डोळे मिटून जरा वेळ तसेच लोंबत राहिले.

मग खाली यायला त्यांनी साखळीची दुसरी बाजू ओढली. साखळी हलली नाही. त्यांनी झटका दिला, आणि वर काहीतरी कटकन बसलं. मान मोडेपर्यंत वर पाहिलं तेव्हा दिसलं की साखळीची एक कडी चाकाच्या कडेवर चढून पाचरीसारखी घट्ट बसली आहे. ना वर, ना खाली. त्यांचे बूट जमिनीपासून पुरुषभर उंचीपेक्षा जरा कमी, म्हणजे उडी मारायला काहीच नाही इतकेच वर होते. पण उडी मारायला आधी सुटावं लागतं. छातीवरचं ते कुलूप अंगाचा भार पट्ट्यांवर असेपर्यंत फिरत नाही. हे त्यांनीच आयुष्यभर शिकवलं होतं: आधी भार उतरव, मग कुलूप फिरव. भार उतरवायला पायाखाली काहीतरी लागतं. पायाखाली हवा होती.

त्यांनी झोका घेऊन खांब गाठायचा प्रयत्न केला, खांब दोन्ही बाजूंना सारखाच लांब राहिला. साखळी धरून वर चढायला गेले, तर दंड म्हणाले की आता ते वय नाही. मग त्यांनी हाक मारली. "अरे, कोई है क्या?" घाटावरचा भोंगा भजनं म्हणत होता, शेजारच्या घराला कुलूप होतं. "कोई है?" खुर्चीवरचा मोबाईल वाजायला लागला. पडद्यावर शैलजाबाईंचं नाव त्यांना वरून स्वच्छ दिसत होतं. फोन वाजला, थांबला, परत वाजला.

म्हणजे आता हाक मारायला एकच माणूस उरला होता. तो भिंतीपलीकडे बॅग भरत होता आणि त्याला नावानं हाक मारली की तो येणार, याबद्दल गुणवंतरावांना तिळमात्र शंका नव्हती. अडचण तीच होती. इतके दिवस तोंड उघडलं नाही आणि आता उघडायचं ते कशासाठी, तर मला खाली काढ म्हणून. जेवलास का, हा शब्द पडवीत घशाशी आला होता, तो गिळून ते इकडे आले होते. आता काहीही बोललं तरी त्या शब्दाला किंमत राहणार नव्हती. आणि नाही बोललं तर संध्याकाळी पोरगा समोरच्या दारानं निघून जाणार होता, बाप मागच्या अंगणात टांगलेला. सुभेदारांनी दात आवळले आणि ठरवलं की शैलजा येईपर्यंत दम धरायचा. काय म्हणावं असल्या माणसाला!

मांडीतले पट्टे रुतायला लागले. आधी मुंग्या आल्या, मग पाय जड झाले, मग पाय आपले आहेत की नाहीत हेच कळेना. अंगाला गार घाम फुटला. हार्नेसमध्ये नुसतं लोंबत राहिलेल्या माणसाचं रक्त पायात साठत जातं, आणि असा माणूस गप्प झाला की त्याला उतरवायची घाई करायची, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते पाय हलवायला गेले. उजवा हलला, डाव्यानं ऐकलं नाही. अंगणाच्या कडा काळ्या पडू लागल्या. आणि सुभेदार गुणवंत खोलकुटे सरळ सरळ घाबरले. मरायला घाबरले. घाबरलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. दारात त्यांची नजर नेहमी दिव्याकडे आणि हात पोराच्या खांद्यावर असायचा.

"अक्षत."

पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"अक्षत!"

तो धावत आला. वर पाहिलं, कप्पी पाहिली, बापाचा पांढराफटक चेहरा पाहिला. पहिल्यांदा त्यानं अडकलेली साखळी जोर लावून ओढली, ती हलेना. मग तो सरळ बापाच्या पायांखाली जाऊन उभा राहिला, त्यांचे बूट आपल्या दोन्ही खांद्यांवर घेतले, घोटे घट्ट धरले आणि वाकलेले गुडघे सरळ करत त्यांना वर उचललं. मांडीतले पट्टे सैल पडले. गुणवंतरावांना इतका सुटल्यासारखा श्वास आला की डोळ्यांत पाणी आलं.

"आता कुलूप फिरवा बाबा."

गुणवंतरावांचा हात छातीशी गेला आणि तिथंच थांबला. कुलूप फिरवलं की पट्टे गळून पडणार, आणि मग धरायला काही नाही. आहेत ते फक्त खालचे दोन खांदे, आणि वर बधिर पायांवर उभा असलेला म्हातारा. जमीन एवढीशी खाली होती. शाळेतलं पोरही हसत उडी मारेल. त्यांनी बोटांना हुकूम सोडला, बोटं हलली नाहीत. पुन्हा सोडला. आता खालून ओरडा येईल, याची ते वाट पाहू लागले. दारात थबकलेल्या पोरावर ते स्वतः ओरडायचे.

"घाई नका करू," खालून अक्षत म्हणाला. "मी उभा आहो."

तो खरंच उभा राहिला. त्याची मान आखडली होती, खांद्यांवर धुळीनं माखलेले बूट होते, पण तो हलला नाही. एकाला खाली येता येत नव्हतं आणि दुसऱ्याला बाजूला होता येत नव्हतं.

"तुला आवाज नाही आला का?" गुणवंतरावांनी विचारलं. "मी केव्हाचा ओरडून राहिलो."

"आला ना. 'कोई है क्या' म्हणून राहिले होते तुम्ही." अक्षतनं पकड बदलली. "मला वाटलं, मी त्यात नाही."

मग खालून, जणू अंगणाशीच बोलावं तसा, तो हळूहळू सांगू लागला. पहिली उडी त्याला आवडली होती. इतकी आवडली होती की खाली उतरल्यावर शेतात एकटाच हसत बसला होता. ते त्याला घरी सांगायचं होतं, पण फोनवर वडील जलेबीचंच बोलत राहिले. दुसऱ्या उडीला त्याला मुद्दाम सगळ्यांत पुढे उभा केला, खोलकुटे उस्तादांचा मुलगा म्हणून. दारातल्या उस्तादानं कानाशी येऊन सांगितलं की बाप का नाम रखना. खाली नदी दिसत होती, शेतं दिसत होती, भीती नेहमीचीच होती. त्यानं पाय उचलायला घेतला आणि पाय उचलला गेला नाही.

"मी नाही म्हटलंच नाही बाबा. तोंडातून शब्द पण नाही निघाला. नुसता पाय उचलला नाही. एक मिनिट कोणी थांबलं असतं ना, तर गेलो असतो बहुतेक. माहीत नाही. पण कोणी थांबलं नाही. बराकीत आलो तर माझी खाट रिकामी होती."

गुणवंतरावांनी आजवर किती वळकट्या उचलायला लावल्या, ते त्यांना आठवेना. त्या माणसांपैकी एकाचाही चेहरा आठवेना. छातीवर ठेवलेला हात मात्र आता त्यांना जाणवायला लागला. त्यांनी कुलूप फिरवलं आणि ते उघडायला वरून थाप मारली. पट्टे सुटले, तोल गेला, आणि बापलेक एकमेकांच्या अंगावर धुळीत कोसळले.

अक्षतनं त्यांना खांबाला टेकवून बसवलं, पाणी आणून दिलं, बूट काढून पाय चोळले. कोपर खरचटलं होतं ते धुतलं. सगळं नीट, हळुवार, एखाद्या परक्या जखमी माणसाचं करावं तसं. पायांत जीव आला असं दिसल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं आणि उठला. गुणवंतराव काही बोलणार तोच त्यानं हात वर केला.

"राहू द्या बाबा. लटकले म्हणून बोलले तुम्ही. ते मी धरत नाही."

तो आत गेला. नळाचा आवाज आला, मग बॅग उचलल्याचा. गुणवंतराव खांब धरून उठले. पडवीपर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला, आणि यावेळी ते डावीकडच्या खोलीकडे गेले. अक्षत बॅग खांद्याला लावून खोलीच्या दारात उभा होता. चटया नीट रचलेल्या, खाटेवरची चादर घडी करून ठेवलेली.

दारात उभ्या असलेल्या माणसाला गुणवंतरावांनी उभ्या आयुष्यात एकच शब्द सांगितला होता. गो, म्हणजे जा. शेकडो पोरांच्या खांद्यावर थाप मारून सांगितला होता. जिभेला दुसरा ठाऊकच नव्हता. आता दुसरा सांगायचा होता, आणि आता ते लटकलेले नव्हते. त्यांना पोराची काही गरज नव्हती. पाणी पिऊन झालं होतं, पाय जमिनीवर होते. तो वाट सोडायला सांगेल आणि आपण सोडू, एवढंच उरलं होतं. वाट सोडणं अगदी सोपं होतं.

"थांब," ते म्हणाले.

"काहून?"

कारण त्यांच्याजवळ तयार नव्हतं. आई रडेल, हे कारण होतं. सुट्टी शिल्लक आहे, हेही होतं. ती दोन्ही त्यांनी तोंडातच फिरवली आणि टाकून दिली.

"मला भीती वाटून राहिली," सुभेदार म्हणाले. "तू गेला तर येणार नाहीस. मघाशी वर वाटली त्याच्यापेक्षा जास्त वाटून राहिली."

अक्षत त्यांच्याकडे पाहत राहिला. या वेळी ते भिंतीकडे वळले नव्हते. त्यानं बॅग खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसला. जरा सरकून त्यानं शेजारी जागा केली. गुणवंतराव गुडघे धरत धरत तिथं टेकले.

"गाडीला वेळ आहे अजून," अक्षत म्हणाला.

वेळ नव्हता. ते दोघांनाही माहीत होतं.